येळवशीचा चौथा कोपरा

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातूर शहरात चिटपाखरू सापडत नाही. दुकानांना कुलपं, रस्ते ओस, आणि अख्खं गाव डब्या-टोपल्यांसकट कुणाच्या ना कुणाच्या शेतात. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतात, शेजाऱ्यालाही नसलं तर मित्राच्या. त्या दिवशी घरात बसून जेवणारा माणूस एकतर आजारी नाहीतर माणूसघाणा, असं आमच्या मुलखात सरळ धरलं जातं. अंबिकाचा नवरा घरी बसला होता. तो थोडा थोडा दोन्ही होता.

अंबिकाच्या सासरी शेतच नव्हतं, म्हणून लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी तिची येळवस माहेरी, उदगीरच्या अलीकडच्या शेतात. दरवर्षी मार्गशीर्ष लागला की ती अमावस्येचे दिवस मोजायला लागायची. यंदा मात्र जीपमधून उतरताना तिचा पाय बांधावर पडेना. मांडीवरचा खिरीचा डबा तिनं वाटभर इतका आवळून धरला होता की तळहातावर कडीचा वळ उठला. गेल्या वर्षी याच दिवशी, याच शेतात, चार पाहुण्यांदेखत ती आपल्या थोरल्या भावाला जे बोलली होती, ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरांकडून पाठांतर करून घेतलेली बाई. पण असलं पाठांतर वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शेत नेहमीसारखंच होतं. हरभरा घोट्यापर्यंत आलेला, शाळू कमरेला लागणारा, मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केलेली आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. चिंचेखाली बाजेवर माणिकअण्णा बसले होते. मफलर गुंडाळलेला, उजव्या डोळ्याची पापणी निम्म्यावर उतरलेली.

"आलीस का अंबू?" त्यांनी विचारलं. आवाज स्वच्छ होता. "औंदा तरी खिरीत गूळ घातलीस का न्हाई नीट? गेल्या साली नुसता गहूच खाल्ला आम्ही."

गेल्या वर्षाचं नाव त्यांनी इतक्या सहज घेतलं की अंबिकाला हातातला डबा कुठं ठेवावा ते सुचेना. रत्नम्मावैनी पुढं आली, डबा तिच्या हातातून घेतला आणि तोंडाकडं न बघताच कोपीकडं वळली. वैनीचं असं वळून जाणं अंबिकाला समजत होतं. अण्णांचं हसणं मात्र तिला झेपत नव्हतं.

हे माणिकअण्णा म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातला आवाज. चाळीस वर्षं त्यांनी त्या धान्यबाजारात आडतीवर हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारली. तुरीच्या ढिगापासून हरभऱ्याच्या ढिगाकडं ते पुढं पुढं चालायचे, मागून व्यापाऱ्यांचं लटांबर, आणि भाव पुकारायला लागले की तो स्टेशनावर गाडीची वाट बघणाऱ्यालाही कळायचा, असं लोक सांगत. लोक जरा वाढवूनच सांगत. पण येळवशीचा त्यांचा पुकारा मात्र खरंच चार शेतं ओलांडून जायचा. पूजा झाली की आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं, चारी कोपऱ्यांवर आंबील शिंपडायची आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे!" मागच्यांनी म्हणायचं, "सालम पलगे!" याचा अर्थ काय, ते कुणालाच धड सांगता येत नाही. लहानपणी अंबिकानं विचारलं होतं, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या अण्णांनी सांगितलं होतं, "पिकाला म्हणायचं, आमचं ध्यान हाय तुझ्याकडं." हा अर्थ त्यांनी तिथल्या तिथं बनवला असणार. अंबिकानं तो पुढं तीस वर्षं वर्गात शिकवला.

गेल्या वर्षी सकाळी अण्णांचा पुकारा असाच चार शेतं गेला होता. संध्याकाळी मात्र त्यांची जीभ अडखळायला लागली. पापणी उतरली, आवाज नाकातून यायला लागला, पाण्याचा घोट नाकावाटे परत आला. अंधार पडताना पिकाभोवती गवताचा पेटता हेंडगा फिरवायचा असतो, तो त्यांच्या हातातून गळून हरभऱ्यात पडला. आणि त्याच दिवशी अंबिकाच्या लेकीला, तनुजाला बघून गेलेले पाहुणे शेतात जेवायला आलेले. पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्याकडं बघून मिशीत हसलेलं अंबिकानं पाहिलं. मोंढ्यातही लोक कुजबुजत होते, माणिकप्पा संध्याकाळचा 'घेऊन' येतो म्हणून. तिचं डोकं फिरलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अण्णा, प्यायचीच असेल तर गळ्यातलं लिंग तरी काढून ठेव."

लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग जितेपणी उतरत नाही. अण्णा 'न्हाई पिलो गं' असं म्हणाले. पण ते जिभेला जड होऊन असं काही बाहेर पडलं की पाहुण्यांची खात्रीच पटली. मग तिनं शेवटचं सांगितलं, "लग्नात असला येऊ नको." मे महिन्यात तनुजाचं लग्न झालं. नवरीच्या मागं मामा म्हणून धाकटा भाऊ वैजनाथ उभा राहिला.

खरं काय ते दिवाळीत कळलं. वैजनाथची मुलगी शिवांगी नांदेडला डॉक्टरकी करते. फराळाला बसलेली असताना तिनं पाहिलं, मोठे अप्पा, म्हणजे अण्णा, चकली चावताना हनुवटीला हातानं आधार देतात. तिनं त्यांना मिनिटभर वर आढ्याकडं बघायला लावलं, तर दोन्ही पापण्या हळूहळू मिटत आल्या. मग फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून डोळ्यावर धरला, तर पापणी वर उचलली गेली. घरातल्यांना ती जादू वाटली. शिवांगी मात्र चकली खाली ठेवून उठली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना नांदेडला घेऊन गेली. स्नायूंचा आजार निघाला आणि त्याच्या मागं, छातीच्या हाडाआड, गाठ निघाली.

अंबिकाला फोनवर हे कळलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं सगळी मेथी निवडली, देठं पातेल्यात घातली आणि पानं फेकून दिली.

"वैजनाथभाऊजी कुठवर आलेत?" वैनीनं कोपीतून विचारलं, कुणाला उद्देशून ते न सांगता.

अण्णांनी मोबाईल बघितला. त्यांचा आजचा सगळा बेत गोळीवर बसवलेला होता. गोळी घेतली की तीन-साडेतीन तास जीभ चालते, मग उतरती कळा. अकराची पूजा धरून त्यांनी दहाला गोळी घेतली होती. दोनची गोळी दोनलाच, असा डॉक्टरांचा हुकूम, आणि वैनी त्या बाबतीत फौजदार. पण वैजनाथ शिवांगीला घेऊन नांदेडच्या विष्णुपुरीहून निघून लोह्यापर्यंत आला आणि तिथं त्याला आठवलं की अण्णांच्या स्कॅनच्या फिल्मा टेबलावरच राहिल्या. परत गेला. सव्वाला बापलेक शेतात पोचली.

पूजा उरकेस्तोवर दीड वाजून गेला. अण्णांनी मडकं उचललं. पहिल्या कोपऱ्याला आवाज गेला, थेट ओढ्यापलीकडं. दुसऱ्याला जरा खाली आला. तिसऱ्या कोपऱ्यावर "ओलगे" म्हणताना तो नाकात शिरला आणि "गे" बाहेर आलाच नाही. मागं चालणारे सगळे थांबले. सालम पलगे म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. अण्णांनी आंबील शिंपडली, मडकं बांधावर ठेवलं आणि सावकाश चिंचेकडं परत चालत आले.

"चौथा ऱ्हायला," वैजनाथ म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," वैनी म्हणाली. "जेवून घ्या."

पंगत बसली. भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, बाजरीची भाकर, आंबील, खीर. भज्जी ही नावाला भाजी. रानातलं, परसातलं जे जे हिरवं आणि जी जी डाळ सापडेल ते सगळं एकात शिजवायचं. अव्वा होती तेव्हा, म्हणजे या भावंडांची आई गुरम्मा होती तेव्हा, ती पहाटे तीनला चूल पेटवायची आणि भज्जीच्या वासानं पोरं आपोआप उठून बसायची. बैलगाडीत कडब्यावर बसून यायची. एकदा अंबिकाच्या हातून भज्जीचं पातेलं वाटेत कलंडलं, तेव्हा अण्णांनी "माझ्या हातून सांडलं" म्हणून अव्वाच्या दोन चापटी खाल्ल्या होत्या. अंबिकाला आज पानावर भज्जी वाढली गेली आणि तेच आठवलं. घास गिळायला तिलाच गोळी लागली असती.

जेवणं झाली, अण्णांची दोनची गोळी पोटात जाऊन तासभर झाला, तेव्हा शिवांगीनं फिल्म उन्हात धरली.

"हे छातीचं हाड. याच्या मागं, हृदयाच्या वरच्या बाजूला, एक ग्रंथी असते. थायमस. लहान लेकरांत ती चांगली मोठी असते. रोगाशी कसं लढायचं ते ती शरीराला शिकवते. वय वाढलं की तिचं काम संपतं, आकसत जाते. मोठ्या अप्पांच्या त्याच ग्रंथीत गाठ झाली आहे. कॅन्सरचीच आहे, पण फार विरळा. दहा लाखांत एक-दोघांना होते."

"म्या आधीच म्हणलो हुतो, लाखात एक हाय म्हनून," अण्णा म्हणाले.

"दहा लाखांत," अंबिकाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. शाळा सुटली तरी बाईंची चूक काढायची खोड सुटत नाही. अण्णा हसले, पण वैनी हसली नाही.

"म्हंजी लहानपणचं कायतरी छातीत ऱ्हाऊन गेलं म्हन की," अण्णा फिल्मकडं बघत म्हणाले.

"तसंच समजा. आता ती गाठ शरीराला भलतंच शिकवून राहिली. शरीर आपल्याच स्नायूंच्या विरोधात गेलंय. म्हणून पापणी, जीभ, गिळणं. सकाळी जोर असतो, दिवसभर वापरून तो संपतो. संध्याकाळी माणूस बघणाऱ्याला..." शिवांगी थांबली. आत्या समोर बसली आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"प्यालेला वाटतो," वैनीनं वाक्य पुरं केलं.

वैजनाथनं उगाच एक उंडा उचलला आणि परत ठेवला.

"इलाजाचं सांग," अण्णा म्हणाले.

"दोन वाटा आहेत. गाठ कवठाएवढी आहे आणि एका मोठ्या शिरेला चिकटलीय. म्हणून हैदराबादचे डॉक्टर म्हणतात, आधी केमो द्यायचा, सलाईनमधून, चार वेळा. गाठ आक्रसली की छातीचं हाड उघडून ती ग्रंथीसकट काढायची. मग त्या जागेला शेक, म्हणजे रेडिएशन. लांबची वाट आहे, सहा-आठ महिन्यांची. पण गाठ मुळासकट निघाली तर माणूस पुढं वर्षानुवर्षं चांगला राहतो. दुसरी वाट, ऑपरेशन नाही. नुसता शेक आणि गोळ्या. गाठ दबून राहील, पण किती दिवस, ते कुणी सांगत नाही. सोमवारी हैदराबादला खाट मिळाली आहे. त्या दिवशी आपल्याला वाट सांगायची."

"पैली वाट," वैजनाथ ताडकन म्हणाला. "यात इचार कसला करायचा? मुळावर घाव घालायचा."

"तुम्हाला बोलाया काय जातंय?" वैनी म्हणाली. "आताच श्वास पुरंना त्यांना. हाड कापल्यावर पुरंल का? नुसता शेकच द्या म्हणते मी."

"मोठ्या आईंचा प्रश्न बरोबर आहे," शिवांगी म्हणाली. "ऑपरेशननंतर श्वासाचे स्नायू थकू शकतात. काही दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून आधी रक्तातला दोष काढतात, ताकद आणतात, मगच टेबलावर घेतात. तरी धोका आहे. नाही म्हणणार नाही मी."

व्हेंटिलेटर हा शब्द ऐकल्याबरोबर वैजनाथचा रंग उतरला. पस्तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात कारकुनी केलेला, उठता-बसता सायन्सचं नाव घेणारा हा गडी थोडा वेळ नखं बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, "किनवटला एक जण झाडपाला देतो म्हणं. गाठीवर लई गुण येतो. हेडक्लार्कच्या सासऱ्याला..."

"पप्पा," शिवांगी एवढंच म्हणाली.

"नुसतं म्हणून राहिलो मी."

गंमत अशी की वैजनाथ ढिला पडला तशी वैनी घट्ट झाली. "झाडपाल्यानं काय होतंय? वर्षभर हळदीचं दूध पाजलंच की मी. मुळासकट निघत असंल तर निघू द्या मग. मी बसते दवाखान्यात महिनाभर." तिनं अण्णांकडं पाहिलं. "तुम्ही काय म्हणता?"

"सुया टोचा, शेक द्या. म्या न्हाई म्हणत न्हाई," अण्णा म्हणाले. "कापाकापी मात्र नको."

"कामून?" वैजनाथ.

अण्णांचा हात सदऱ्यावरून छातीवर गेला. तिथं, बरोबर त्या गाठीच्या वर, वस्त्रात बांधलेलं लिंग होतं. आठव्या वर्षी स्वामींनी त्यांच्या गळ्यात बांधलेलं. "हे काढावं लागतंय म्हणली पोरगी."

"छातीवर काहीच ठेवता येत नाही, मोठे अप्पा. दोरासुद्धा."

"तर मंग न्हाई."

"अरे पण स्वामींना विचारून आलो ना आपण," वैजनाथ वैतागला. "म्हणाले, जिवावरचं दुखणं हाय, घरच्या माणसानं तळहातावर सांभाळावं, दोष न्हाई."

"स्वामी मोठे हायत," अण्णा म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले. त्या सगळ्या बोलण्यात त्यांनी अंबिकाकडं एकदाही पाहिलं नाही.

भांडी घेऊन वैनी विहिरीकडं निघाली, तेव्हा अंबिका न विचारता तिच्या मागं गेली. दोघी समोरासमोर बसून राखेनं पातेली घासायला लागल्या.

"वैनी, स्वामींनी सांगूनसुद्धा अण्णा असं का करतोय?"

"मला विचारता व्हय?" रत्नम्मानं पातेलं खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत तिचा आवाज अंबिकासमोर कधी चढला नव्हता, आजही चढला नाही. "रोज रातीला निजताना लिंगाला हात लावतेत आन् म्हणतेत, अंबूनं काढून ठेव म्हणलं, म्या काढलो न्हाई. वर्ष झालं, रोज. आता काढलं तर तुम्ही बोललात ते खरं झालं, असं बसलंय डोक्यात. माणूस मरायला तयार हाय वन्सं, पण पिणारा म्हणून घ्यायला तयार न्हाई."

अंबिकाच्या हातातली राख हातातच राहिली.

"आन् आणिक एक ऐका. तनूच्या लग्नाला मामा आला न्हाई म्हणून सगळीकडं सांगितलंत. आलते ते. एस्टीनं. कार्यालयासमोरच्या रसवंतीत बसलेते दोन तास, मफलरनं तोंड झाकून, मे महिन्यात. मंगलाष्टका भोंग्यावर ऐकल्या, आन् अक्षता तिथंच टाकल्या, उसाच्या चिपाडावर. घरी येऊन मला म्हणले, पोरगी लई गोड दिसत असंल."

अंबिका रडली. विहिरीच्या काठावर, राखेच्या हातांनी तोंड झाकून, लहानपणी रडायची तशी आवाज करून रडली. रत्नम्मानं तिला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "तोंड धुवा. दूध उतू घालायची येळ झाली."

येळवशीच्या संध्याकाळी शेतात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात. ते उतू जाईल त्या दिशेकडं पुढच्या सालाचं पीक, असा हिशेब. ते बघायला शेजारच्या शेतांतली माणसंही जमतात. शेषेराव आले होते, त्यांची सून होती, दोघं मागच्या वर्षीही होती. अंबिकानं ही मंडळी मोजून पाहिली. चौघांदेखत बोललेलं चौघांदेखतच फिरवायला हवं, एवढं गणित तिला येत होतं.

"शेषेरावकाका, जरा ऐका," ती उभी राहिली. "गेल्या साली इथंच, तुमच्या समोर, मी अण्णाला म्हणाले होते, प्यायची असेल तर लिंग काढून ठेव. अण्णा प्यालेला नव्हता. जन्मात कधी प्याला नाही. आजारी होता आणि मला ते ओळखता आलं नाही. पाहुण्यांपुढं माझी मान खाली जाईल म्हणून मी त्याची मान खाली घातली. चूक माझी आहे. ही गोष्ट तुम्ही गावात सांगितली असेल, तर आता हीसुद्धा सांगा."

शेषेराव ओशाळले. गावात सांगितलेली असणारच. "जाऊ द्या ताई, झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला नको. ज्या शेतात बोलले त्याच शेतात राहू द्या."

अण्णा बाजेवर उठून बसले होते. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांची पापणी पुन्हा उतरायला लागली होती. ते म्हणाले, "दूध उतू जाऊन राहिलंय. तिकडं बघा की, माझ्याकडं काय बघून राहिलात?"

दूध उगवतीकडं उतू गेलं. शेषेराव म्हणाले, औंदा हरभरा चांगला. दरवर्षी ते हेच म्हणत, दूध कुठंही गेलं तरी.

सूर्य टेकला. वैजनाथनं गवताचा हेंडगा वळला, शिवांगीनं पेटवून दिला. अण्णांनी हात पुढं केला, तशी वैनी पुढं झाली, पण अंबिका आधी पोचली. भावाच्या मुठीवर तिनं आपली मूठ घट्ट धरली. दुसऱ्या काखेत बांधावरून आणलेलं आंबिलीचं मडकं घेतलं. बाकीचे आपसूक मागं राहिले आणि दोघं बांधाबांधानं चालायला लागली. हरभऱ्यावर उजेड हलत होता.

"लग्नात म्या आलतो," अण्णा म्हणाले. आवाज पुरता नाकात गेला होता, पण तिला सगळं कळत होतं. गेल्या वर्षीही कळलं असतं, ऐकायचंच ठरवलं असतं तर.

"कळलं मला. वैनीनं सांगितलं."

"सांगितली व्हय? बाईमाणसाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई." थोडं चालून ते म्हणाले, "चिपाडावर टाकलो अक्षता. मुंग्यांची लगनं लागली असतील."

चौथ्या कोपऱ्यावर ते थांबले. आता दोन्ही पापण्या मिटल्यासारख्या झाल्या होत्या. "अंबू, ह्यो डोळा जरा वर कर गं. मला कोपरा दिसंना."

तिनं मडकं खाली ठेवलं आणि अंगठ्यानं त्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी अलगद वर धरली. पापणी मऊ होती आणि तिला मुळीच वजन नव्हतं. एवढ्याशा कातड्यापायी वर्ष गेलं.

"दिसतंय?"

"दिसून राहिलं." त्यांनी कोपरा पाहिला, हेंडगा पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं. "म्हातारी झालीस की गं तू."

ती हसली आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. "अण्णा, सोमवारी मी येते तुझ्यासोबत. तू कुठली वाट घेशील ती घे. पण माझ्या बोलण्यापायी घेऊ नको."

हेंडगा जळत खाली आला, तो त्यांनी तिच्या मुठीसकट मातीत दाबला. मग सदऱ्याच्या आत हात घालून लिंगावर ठेवला.

"पैलीच घेऊ," ते म्हणाले. "कापायच्या दिवशी हे तुझ्या हातात देतो. तू काढ म्हणलीस म्हणून न्हवं हं. परत गळ्यात घालायला तू बाहेर उभी ऱ्हातीस म्हणून."

"उभी राहते."

"हलायचं न्हाई. मशीन लावू दे न्हाईतर काय बी लावू दे."

"नाही हलणार."

त्यांनी मडक्यात हात घातला, उरलेली आंबील ओंजळीत घेतली आणि कोपऱ्यावर शिंपडली. तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. त्यांनी कोपरानं तिला ढोसलं.

आजवर या शेतात बाईनं कधी पुकारा केला नव्हता. अंबिकानं एकदा मागं वळून पाहिलं. रत्नम्मा पदर खोचून उभी होती, तिनं मान हलवली.

"ओलगे ओलगे!" अंबिका ओरडली. पहिल्यांदा आवाज फाटला, म्हणून ती परत ओरडली, चार शेतं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मागून सगळ्यांचा आवाज आला. त्या सगळ्या आवाजांत, अगदी तिच्या कानाजवळ, एक नाकातला, अडखळता आवाज होता. तो सगळ्यांच्या नंतर, एकटाच, सावकाश पुरा झाला.

"सालम... पलगे."